नंतर सांगून उपयोग नाही

मांजरी,
९ ऑगस्ट १९८६

ती. गोपाळकृष्णकाकांस,
हेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा पाय कसा आहे? प्लॅस्टर निघालं का? खरं तर समक्ष येऊन विचारायला हवं, पण मांजरी ते कोथरूड म्हणजे दोन बस आणि मध्ये स्वारगेटला ताटकळणं. ते मला सध्या जमणार नाही, का ते पुढे लिहिते. तुमच्या शेजारच्यांकडे दोनदा फोन केला होता. पण फोन उचलल्यावर शेजारचे तिथेच खुर्ची ओढून बसतात, आणि मला जे विचारायचं आहे ते त्यांच्या देखत मोठ्याने बोलण्यासारखं नाही. शिवाय महत्त्वाचं असेल ते लिहून विचारावं, हे तुम्हीच आम्हाला लहानपणापासून शिकवलं आहे.

जयसिंग मजेत आहेत. त्यांच्या ऊस संशोधनाच्या ऑफिसात नवीन वाण आलं आहे, त्यामुळे जेवतानाही उसाच्या डोळ्यांबद्दलच बोलतात. सासूबाईंनी तुमच्यासाठी काकवी बाजूला काढून ठेवली आहे. रेडिएशनवाले काका कधी येणार म्हणून विचारत असतात. तुम्ही नोकरीत असताना रेडिओ दुरुस्त करत होतात अशी त्यांची समजूत आहे, आणि ती मी अजून मोडलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. जुलैत माझ्या पोटात कळ आली, मूतखडा असेल म्हणून सदाशिव पेठेत डॉ. खांबेट्यांकडे एक्स-रे फोटो काढले, हे तुम्हाला माहीत आहे. शिरेत औषध टोचून एकामागून एक पाच फोटो काढले. खडा काही दिसला नाही आणि कळही आपोआप थांबली. काका, मला दिवस गेले आहेत. आमच्या डॉक्टर विजयमालाबाईंनी हिशेब केला, तर फोटो काढले तेव्हाच दिवस राहिले होते. फक्त मला माहीत नव्हतं.

खांबेट्यांच्या बाकावर त्या दिवशी मी तुमच्याच पाटीखाली बसले होते. ‘पोटात मूल असल्यास आधी सांगावे. नंतर सांगून उपयोग नाही.’ तुम्ही ती लिहून दिलीत तेव्हा मी कॉलेजात होते आणि आपण सगळे पोट धरून हसलो होतो. बाबा म्हणाले होते की गोपाळची पाटी वाचून निम्मे आजारी परस्पर बरे होतील. त्या दिवशीही मी मनात हसतच होते, आणि कंपाउंडर हिंदुरावांनी विचारलं तेव्हा नाही म्हणून सांगितलं. मी खोटं बोलले नाही. पण आता भांडी घासतानासुद्धा ती दुसरी ओळ आठवते.

विजयमालाबाईंचं म्हणणं असं, की तुमचे काका क्ष-किरणांच्या सुरक्षिततेचे अधिकारी होते, त्यांनी धोका नाही असं लिहून दिलं तर पुढे जाऊ. शंका असेल तर गणपतीच्या आत मोकळं व्हावं. लहानसं काम आहे, संध्याकाळी घरी जाता येतं, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंना यातलं काहीच सांगितलेलं नाही.

तेव्हा काका, मला लांबलचक उत्तर नको. धोका आहे की नाही, एवढंच लिहा.

काकूला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, या वेळी तो जरा लवकर टपालात टाकावा.

तुमची,
हेमा


कोथरूड, पुणे
१३ ऑगस्ट १९८६

चि. सौ. हेमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल दुपारी पोचले. प्रथम अभिनंदन. हे वाक्य आधी लिहितो, कारण पुढे ते राहून जाण्याचा संभव आहे.

खांबेट्यांकडे निरोप पाठवून तुझ्या पाचही फोटोंची माहिती मागवली. मशीन विजेच्या कोणत्या दाबावर चालवले, किती वेळ, किती अंतरावरून, हे हिंदुरावांनी नीट कळवले. त्यावरून मी तीन निरनिराळ्या पद्धतींनी आकडेमोड केली. गर्भाशयापर्यंत पोचलेला एकूण डोस एका रॅडपेक्षा कमी भरतो. गर्भाला इजा झाल्याचे जे पुरावे आहेत ते साधारण दहा रॅडच्या पुढचे आहेत. म्हणजे तू त्या रेषेपासून बरीच लांब आहेस. मात्र एकही फोटो न काढता शंभरातली दोन-तीन मुले काही ना काही दोष घेऊन जन्माला येतात, हेही ध्यानात असू दे, म्हणजे उद्या तसे काही घडले तर कारण शोधताना चूक व्हायला नको.

तू विचारलेस, धोका आहे की नाही. धोका अत्यल्प आहे. परंतु तो नाही, असे मला लिहिता येणार नाही. क्ष-किरणांचा कितीही लहान डोस पूर्णपणे सुरक्षित असतो असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही, आणि जे सिद्ध नाही त्याखाली मी सही करत नाही.

तू म्हणशील, काका हट्टी आहेत. पण खांबेट्यांच्या वडिलांना मी पाहिले आहे. ते चमकणारा पडदा डाव्या हातात धरून किरणांच्या उजेडात उजव्या हाताने रोग्यांची हाडे बसवत. दोन्ही हातांची बोटे एकेक करून कापावी लागली. शेवटी शेवटी त्यांना पानाला चुनासुद्धा सुनेने लावून द्यावा लागे. त्या काळी जो तो म्हणायचा की काही होत नाही. त्या तीन शब्दांशी भांडण्यात माझी सबंध नोकरी गेली. आता निवृत्त झाल्यावर, पुतणीसाठी म्हणून, तेच तीन शब्द मी कसे लिहू?

निर्णय तुझा आणि जयसिंगरावांचा आहे. दोघांनी शांतपणे विचार करावा. पाणी भरपूर पीत जा. काळजी करू नये.

कळावे. आमच्या लोभाला मात्र कोणतीही अट नाही.

तुझा,
गोपाळकृष्ण काका


कोथरूड
१४ ऑगस्ट १९८६

चि. हेमास,
श्यामलाकाकूचे पोटभर आशीर्वाद.

ही चिठ्ठी मी ह्यांच्याच पाकिटात सरकवणार होते, पण ते पाकीट ह्यांनी दोनदा डिंक लावून बंद केलं आणि वर उजेडात धरून तपासलं. तेव्हा तिकिटाचा वेगळा खर्च.

तुला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण कच्चे कागद टोपलीत होते. पहिल्या कागदावर धोका नगण्य होता. दुसऱ्यावर अत्यल्प झाला. तिसऱ्यावर ‘परंतु’ आलं, आणि ते आल्यावरच ह्यांना जरा स्वस्थ वाटून हे जेवायला उठले. मला ते परंतु मुळीच आवडलेलं नाही.

ह्यांची भाषा तुला माहीत हवी म्हणून सांगते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमटी चांगली झाली असं मी आजवर ऐकलेलं नाही. वाईट नाही, एवढंच म्हणतात, आणि वाईट नाही असं म्हणत तीन वाट्या ओरपतात. तू ह्यांचं पत्र त्या आमटीसारखं वाच.

पायाची हकीकत तुझ्या बाबांपासून लपवली आहे, तुला सांगते. जूनच्या अखेरीस हे लुनावरून घसरले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात फोटो काढायला नेलं, तर तिथल्या दाराला शिसं लावलेलं नाही म्हणून हे एका पायावर माघारी फिरले. फोटो काढीन तर खांबेट्यांकडेच, म्हणाले. आणि खांबेट्यांचं मशीन तेव्हा ह्यांनीच काहीतरी खोट काढून दुरुस्तीसाठी बंद ठेवायला लावलेलं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो न बघता, हाताने चाचपून प्लॅस्टर घातलं. ते परवा निघालं. पाऊल बाहेरच्या बाजूला वळून हाड जुळलंय. आता कायमची काठी. फोटो का नाही काढला म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर ह्यांनी ताठ मानेनं सांगितलं, सुरक्षिततेसाठी.

मी हसले नाही हेमा. मला रडू आलं. जिना उतरताना आता मी पुढे आणि हे मागे, अशी आमची वरात असते.

माझ्या सहीला तुझ्या डॉक्टरीणबाई विचारणार नाहीत, हे मला कळतं. नाहीतर आत्ताच्या आत्ता लिहून दिलं असतं. तू जिवाला लावून घेऊ नकोस, आणि रात्री उपाशी झोपू नकोस.

लोभ कमी वाटला तर काकवीची बाटली पाठवून वाढवून घ्यावा.

तुझी,
काकू


मांजरी
२१ ऑगस्ट १९८६

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, काकूचंही. काकूचं दोनदा वाचलं. तुमचं किती वेळा ते सांगत नाही.

विजयमालाबाईंना पत्र दाखवलं. आकडे वाचताना त्या मान हलवत होत्या, मला वाटलं झालं आता. मग परंतुपाशी थांबल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, इतका जाणता माणूस, तोही घरचा, जर लिहून देत नाही तर मी कोणत्या तोंडाने देऊ? बाळात काही निघालं तर तुम्हीच मला जाब विचाराल. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी दोन सप्टेंबर ही तारीख दिली आहे. सकाळी उपाशीपोटी यायचं आहे.

जयसिंग आधी मूल ठेवायच्या बाजूने होते. तुमचं पत्र वाचल्यापासून डळमळले आहेत. एप्रिलमध्ये रशियात ती अणुभट्टी फुटली तेव्हापासून त्यांच्या ऑफिसात चहाच्या वेळी कोणी ना कोणी त्याच बातम्या वाचून दाखवतं, आणि आपल्या शेजारी बसलेल्या माणसाच्या घरात काय चाललंय हे त्या लोकांना ठाऊक नसतं. काल ते म्हणाले की आपलं वय आहे, आपल्याला दुसरं होईल. तेही खरं असेल. पण मला दुसरं नको आहे काका, मला हे हवं आहे. त्यांना अजून असं स्पष्ट बोलले नाही, तुम्हालाच आधी लिहिते आहे.

एका जागी बसवत नाही. दोरीवरचे कपडे काढून आणते, घड्या घालायला घेते, ते ओलेच असतात म्हणून पुन्हा वाळत घालते. शेजारणी विचारतात की काय एवढी घाई चालली आहे.

सासूबाईंना कळलं. मिरचीच्या फोडणीच्या वासाने मी मागच्या दारी पळाले, त्यावरून त्यांनी ओळखलं. सरळ पंचांग घेऊन जयसिंगच्या पुढ्यात बसल्या आणि पुढची ग्रहणं वाचायला लावली. कोजागरीला चंद्रग्रहण हाय, तवा तू पाळायचं, विळीला हात लावायचा न्हाय, असं मला बजावलं. मी म्हटलं, ग्रहणाने खरंच काही होतं का? तर म्हणाल्या, होत काय न्हाय, पन पाळल्यालं बरं.

काका, मला तिथे उभ्या उभ्या हसू आलं आणि मग रडू आवरेना. लहानपणी ग्रहण लागलं की तुम्ही मला मुद्दाम अंगणात नेऊन पेरू कापून खायला द्यायचात. आजी आतून ओरडायची आणि तुम्ही म्हणायचात की मुलांच्या मनात भीती भरू नका. मग मला सांगा, तुमचं परंतु आणि त्यांचं पाळल्यालं बरं, यात फरक काय? मला एकच दिसतो. त्यांचं पाळलं तर मूल राहतं. तुमचं पाळलं तर जातं.

ज्या बाईला माझ्यासाठी ऑक्टोबरातलं ग्रहण आत्तापासून आठवतंय, तिला मी दोन सप्टेंबर कशी सांगू?

मी रागाने लिहिलं आहे, हे मला दिसतं आहे. पण खोडत नाही.

लोभाला अट नाही म्हणाला होतात. तसं असेल तर उत्तर द्यावं.

हेमा


कोथरूड, पुणे
२७ ऑगस्ट १९८६

मूल ठेव. धोका नाही.

ही दोन वाक्ये निराळ्या कागदावर, पूर्ण नाव, शिक्षण आणि निवृत्तीपूर्वीचा हुद्दा घालून, सहीनिशी सोबत जोडली आहेत. ती विजयमालाबाईंना द्यावीत. त्यात परंतु नाही. तुझ्या काकूने तपासून घेतले आहे.

आता चि. सौ. हेमास अनेक आशीर्वाद. मायना मागाहून लिहिला, चालवून घे.

तुझे पत्र शनिवारी आले. मी ते वाचून घडी करून ठेवले आणि तुला सविस्तर उत्तर देण्याचे ठरवले. त्यात तुझा फरकाचा मुद्दा खोडून काढणार होतो. सोमवारी तुझ्या काकूने मला रिक्षात घालून पायाच्या फोटोसाठी खांबेट्यांकडे नेले. गर्दी होती. जागा मिळाली ती नेमकी माझ्या पाटीखाली.

माझ्यानंतर एक मुलगी आली. वीस-बावीस वर्षांची, निळ्या पातळातली, एकटीच. तिने हिंदुरावांना हळू आवाजात विचारले की मागच्या महिन्यात इथे छातीचा फोटो काढून घेतला होता, तेव्हा दिवस गेलेले माहीत नव्हते, तर ते आता सांगायचे असते का. हिंदुराव भला माणूस आहे. पण तो पावती लिहीत होता. त्याने मान वर न करता हातातले पेन माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे केले.

तिने पाटी वाचली. दुसऱ्या ओळीपाशी तिचे ओठ हलले. मग पदर सावरून ती निघाली.

हेमा, छातीच्या फोटोत पोटाला पोचणारा डोस इतका थोडा असतो की तो मोजायला माझ्यापाशी कधी चांगले यंत्र नव्हते. तुझ्या पाच फोटोंपुढे तर तो काहीच नाही. हे तिला सांगायला मला एक मिनिटही लागले नसते. मी हाक मारली. नाव माहीत नव्हते, म्हणून अहो बाई, अहो बाई, असे ओरडलो. काठी शोधली, उठलो, जिन्यापर्यंत गेलो. तिथे मला एकेक पायरी उतरावी लागते. वळलेले पाऊल आधी टेकत नाही, ते फिरवून ठेवावे लागते. काकू पुढे धावली. आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा दोन्ही बाजूंना माणसे होती, स्कूटरी होत्या, आणि निळे पातळ कुठे नव्हते.

परत वर आलो. हिंदुरावांना विचारले, तिने नाव सांगितले का. सांगितले नव्हते. मागच्या महिन्यातल्या छातीच्या फोटोंची यादी काढली, तर त्यात तिच्या वयाच्या बायका पुष्कळ निघाल्या आणि पत्ते अर्धेमुर्धे. मी त्यांना विचारले की असे विचारायला पूर्वी कोणी येत असे का. ते म्हणाले, येतात की अधूनमधून, पण पाटी दाखवली की समजून जातात. पाटी त्यांना फार आवडते. दर दसऱ्याला स्वतः पुसून तिला झेंडूची फुले लावतात.

समजून जातात. तेव्हापासून माझे कशात लक्ष लागत नाही. घरात येरझारा घालाव्यात तर काठीचा आवाज होतो आणि खालचे लोक वर बघतात.

मी शिशाचे दार मागे घेत नाही. खांबेट्यांच्या वडिलांची बोटे मी विसरलो नाही आणि विसरणार नाही. मशीनपाशी रोज उभा राहणारा माणूस आणि चुकून एकदा समोर आलेली बाई, दोघांना मी एकाच मापाने मोजत आलो. मला एकही बोट जाऊ द्यायचे नव्हते. पण भीतीचाही डोस असतो, तो कोणी मोजला नाही, आणि तो मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत टांगून ठेवला होता.

तुझा फरकाचा मुद्दा बरोबर आहे. ती मुलगी मला गाठता आली नाही. तू पत्राने गाठता येतेस, म्हणून हे आजच्या टपालाने.

पाटी उतरवली आहे. नवीन मजकूर लिहायला घेतला, तर तो दीड पान झाला आणि त्यात पोटकलमे आली. तो तूच लिहून पाठव. ती पाटी वाचून घाबरायची वेळ तुझ्यावर आली होती, तेव्हा काय असायला हवे होते ते तुलाच माहीत.

लोभ आहे. तो पूर्णपणे सुरक्षित आहे, असे सहीनिशी लिहितो.

गोपाळकृष्ण काका


मांजरी
४ सप्टेंबर १९८६

ती. काका आणि ती. सौ. काकू यांस,
हेमाचा शि. सा. न. वि. वि.

दोन तारखेला मी नेहमीसारखी शाळेत शिकवायला गेले. डबा नेला होता, सगळा खाल्ला.

विजयमालाबाईंनी तुमचा कागद वाचला आणि मागे वळवून बघितला, मागे काही अटी आहेत का म्हणून. मग हसल्या. त्यांनी तो कागद ठेवून घेऊ का विचारलं, पण मी दिला नाही. त्यांना नक्कल करून दिली.

जयसिंगना मी मला हेच हवंय असं सांगितलं. ते म्हणाले की हे आधी का नाही सांगितलंस. मी म्हटलं, ही तर काकांची पाटीच झाली. मग त्यांनाही काय बोलून गेलो ते कळलं.

निळ्या पातळातली ती बाई माझ्या डोक्यातून जात नाही. बसमध्ये कोणी निळं नेसलेली दिसली की मी तिच्या पोटाकडे बघते. काका, तिला एवढं तरी समजलं असेल का, की तुम्ही तिलाच हाक मारत होतात?

पाटीचा मजकूर खाली लिहिते. यात एक शब्दही वाढवू नये, ही विनंती.

‘पोटात मूल असेल, किंवा तसं वाटत असेल, तर आधी सांगा. नंतर कळलं तरी येऊन सांगा. घाबरू नका, बहुतेक वेळा काही होत नाही.’

शेवटचे तीन शब्द तुम्हाला टोचतील. त्यांच्याशी तुमचं जुनं भांडण आहे. पण त्यांच्या आधी ‘बहुतेक वेळा’ घातलं आहे, तेवढं तुमच्यासाठी.

दोघांच्या लोभाची आता दुप्पट गरज आहे, त्याप्रमाणे पाठवावा.

तुमची,
हेमा


कोथरूड
२० ऑक्टोबर १९८६

चि. हेमास,
काकूचे आशीर्वाद. दोन जिवांना मिळून एकच पत्र.

पाटी लागली. पेंटरने मजकूर वाचून दोनदा विचारलं की एवढंच का, शेवटी दम वगैरे काही द्यायचा नाही का. सदाशिव पेठेत घाबरू नका असं सांगणारी ही पहिलीच पाटी असावी. हिंदुराव नाराज आहेत. जुनीत जोर होता, म्हणतात. पण दसऱ्याला झेंडू लावला त्यांनी.

हे दर सोमवारी पायाच्या निमित्ताने खांबेट्यांकडे जाऊन बसतात. पायाचं आता काही होण्यासारखं नाही, हाड जसं जुळायचं तसं जुळलंय, फोटोत स्वच्छ दिसतं. हे जिन्याच्या तोंडाशी खुर्ची घेऊन बसतात. आतल्या बाकावर नाही. कोणी बाई पाटी वाचून रेंगाळली की आपण होऊन विचारतात. तुझ्या काकांनी अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलावं, हे बघायला मी एकदा मुद्दाम गेले होते. आतापर्यंत दोघी येऊन विचारून गेल्या, आणि हसत घरी गेल्या. ती निळ्या पातळातली आलेली नाही.

कोजागरीचं तू लिहिलंस ते ह्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंसाठी तू विळी बाजूला ठेवलीस आणि त्यांनी तुझ्यासाठी ग्रहणाआधीच दूध आटवून दिलं, ते ऐकून हे उठून खिडकीशी जाऊन बसले. मी म्हटलं, पाळलं तिने, आता रागवा. तर म्हणाले, तिच्या पाळण्याने कोणाचं काही गेलं नाही.

बाळंतपणाला इकडे ये, असं मी म्हणणार होते. पण तुझ्या सासूबाईंनी, मथुराबाईंनी, निरोप पाठवला की रेडिओवाल्या काकांना जिने चढउतार नको, पोरगी इथंच ऱ्हाईल. त्यांच्यापुढे मी काय बोलणार?

लोभाचं विचारू नकोस, लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत.

तुझी,
काकू


कोथरूड, पुणे
२ एप्रिल १९८७

चि. सौ. हेमास,
अनेक उत्तम आशीर्वाद. चि. जयसिंगरावांस आणि बाळासही.

परवा तुम्हा दोघींना पाहून आल्यापासून लिहायचे मनात होते. मथुराबाईंनी मुलगी माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, हे माझ्या ध्यानात आले. मी बोटे मोजतो आहे असे जयसिंगरावांना वाटले. मी मोजत नव्हतो. तिने माझे बोट धरले होते, ते सोडवून घ्यावे की नाही याचा विचार करत होतो.

परतताना रिक्षात तुझ्या काकूने विचारले, कशी वाटली. मी म्हटले, चांगली आहे. तिने रिक्षावाल्याला थांबायला सांगून मला पुन्हा म्हणायला लावले.

मथुराबाई आता मला त्यांचा रेडिओ दाखवणार आहेत. तो खरखरतो म्हणे. मी पुढच्या वेळी हत्यारे घेऊन येतो. तुला जागरणे होत असतील, दुपारी झोपत जा.

कळावे. लोभ होता तसा आहे, आणि आता त्याला एक वारस आहे.

तुझा,
गोपाळकृष्ण काका

ता. क. सोमवारचे जिन्यापाशी बसणे चालू आहे. त्या मुलीचेही दिवस तुझ्याच आसपास भरणार होते. ती आली नाही, आणि माझ्यापाशी कसलाही पुरावा नाही. पण तिचेही या पंधरवड्यात झाले असेल, दोघे सुखरूप असतील, असे मी धरून चालतो.